निवेदकाच्या हातातला कागद: कलाकार परिचयाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी कार्यक्रमपत्रिकेतल्या कलाकार परिचयाबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा. त्यावर इतकी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सॅप मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. वीसेक वर्षं मी मैफलींचं निवेदन करतेय, स्मरणिका एडिट करतेय, त्यामुळे परिचय नावाचा प्रकार माझ्या हातून सतत जातो आणि खरं सांगते, चांगलं गाणाऱ्या माणसाचा वाईट लिहिलेला परिचय वाचताना मला मनापासून वाईट वाटतं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

ताई नमस्कार. मी ख्याल गाते, वय २७. गेल्या महिन्यात एका गावात प्रोग्राम होता, आयोजकांनी परिचय मागितला म्हणून मी दोन पानं पाठवली. निवेदकांनी ती सगळीच्या सगळी वाचली. सात-आठ मिनिटं गेली, लोक चुळबुळ करायला लागले, लावलेले तानपुरे तोवर हलले, ते परत जुळवावे लागले आणि मला सुरुवातीलाच दडपण आलं. परिचय नेमका किती मोठा असावा? – गायिका, कोल्हापूर

अगं, आधी हे बघ की तो कागद कोणाच्या हातात जाणार आहे. स्टेजवर निवेदक तो मोठ्याने वाचणार असेल तर एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट, म्हणजे १०० ते १२० शब्द, त्याच्यावर एकही नको. छापील पत्रिकेत १५० ते २०० चालतात कारण लोक मध्यंतरात चहा घेत घेत वाचतात. इन्स्टाग्रामवर जागाच १५० अक्षरांची, स्पॉटिफायवर १५०० अक्षरांची. त्यामुळे एकच परिचय सगळीकडे पाठवायची सवय मोड आणि तीन करून ठेव, एक ओळीचा, एक मिनिटाचा, एक पानाचा. आयोजकाने काही न सांगता नुसतं "बायो पाठवा" म्हटलं तर फोन करून विचार, वाचणार आहात की छापणार आहात. तेवढं विचारलेलं कोणालाही आवडतं.

आता तू जोडलेली ती दोन पानं मी वाचली. पहिलं वाक्य "बालपणापासूनच संगीताची आवड", दुसरं "सुमधुर आणि भावपूर्ण आवाजाची देणगी", तिसरं "अल्पावधीतच रसिकांच्या मनात अढळ स्थान". ही तिन्ही वाक्यं काढून टाक. का ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका संमेलनाच्या स्मरणिकेत दोन गायिकांचे परिचय टाइपसेटिंगमध्ये अदलाबदल झाले, एकीच्या फोटोखाली दुसरीचा, आणि प्रूफ दोनदा वाचूनही मला ते कळलं नाही कारण दोन्हीकडे सुमधुर आवाज होता, दोन्हीकडे रसिकांच्या मनातलं स्थान होतं. छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्यातल्या एका बाईंनी शेवटच्या ओळीतल्या गुरूंच्या नावावरून ओळखलं. तेव्हापासून मी कुठलाही परिचय वाचताना पहिल्यांदा गुरू, गाव, राग, वर्षं हे शोधते.

केसरबाई केरकरांचं बघ. गोव्यातल्या केरीत १८९२ साली जन्म. १९२१ पासून जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम, ती १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत. १९६९ साली पद्मभूषण. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांतून जी तबकडी अवकाशात पाठवली तिच्यात केसरबाईंनी गायलेली "जात कहाँ हो" ही भैरवी. बस, चार वाक्यं झाली, विशेषण एकसुद्धा नाही आणि बाई केवढ्या मोठ्या ते कळलं. तू म्हणशील त्या केसरबाई, माझ्याकडे काय आहे? आहे की. तुझ्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे, की गुरूंकडे पहिली दोन वर्षं फक्त यमन आणि भूप शिकलीस आणि आठवड्यातून तीनदा सांगलीहून एसटीने कोल्हापूरला यायचीस. ही ओळ वर हवी! श्रोत्याला त्यातून कळतं की समोर बसलेल्या मुलीच्या गाण्यामागे काय आहे.

मी तुझ्यासाठी असं लिहिलं असतं: "अमुक यांचं ख्यालगायनाचं शिक्षण जयपूर-अत्रौली घराण्याच्या अमुक यांच्याकडे गेली १४ वर्षं चालू आहे. पहिली दोन वर्षं त्या यमन आणि भूप हे दोनच राग शिकल्या आणि त्यासाठी आठवड्यातून तीनदा सांगलीहून कोल्हापूरला येत. अनवट आणि जोड रागांचा अभ्यास हा त्यांच्या आवडीचा भाग. २०१९ साली संगीत अलंकार. आकाशवाणीच्या बी हाय श्रेणीच्या कलाकार. आज त्या सुरुवातीला बसंती केदार गाणार आहेत." शेवटचं वाक्य जरूर ठेव, म्हणजे निवेदकाचं बोलणं संपतं आणि तुझा षड्ज लागतो, मधे रिकामी जागा राहत नाही. राग तिथे बसल्यावर ठरवायची सवय असेल तर मग ते वाक्य अर्थातच नको, निवेदकाने एक सांगायचं आणि तू दुसरंच गायचं असं व्हायला नको.

आणि "देशविदेशात अनेक कार्यक्रम" असं लिहू नकोस, तीन नावं लिही. तीनच. मोठी नसली तरी चालतील, तुझ्या तालुक्यातल्या देवळातला उत्सव जिथे तू सलग सहा वर्षं गातेस तो लिहिलास तर मला तो एकदा मिळालेल्या मोठ्या फेस्टिव्हलइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माझं शिक्षण तीन गुरूंकडे झालं. पहिले गावातले, त्यांच्याकडे ९ वर्षं. दुसऱ्यांकडे ४ वर्षं, तिथून काही कारणाने संबंध तुटला. तिसरे खूप मोठे कलाकार आहेत, त्यांच्या दोन वर्कशॉप केल्या. मोठ्या गुरूंचं नाव आधी टाकलं तर फायदा होतो असं सगळे म्हणतात. काय करू? – सतारवादक, नागपूर

अशी पत्रं सगळ्यात जास्त आली आणि मला वाटतं परिचयातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

वर्कशॉप केली म्हणजे शिष्य होत नाही. हे मी कडक शब्दांत लिहितेय कारण याने माणसं दुखावली जातात, स्वतः ते गुरू दुखावतात आणि ज्यांनी त्यांच्या घरी राहून पंधरा वर्षं तालीम घेतली ते शिष्यही दुखावतात. आपलं क्षेत्र लहान आहे, पुण्यात छापलेली पत्रिका संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॅपवर धारवाडला पोचते. "अमुक यांच्या दोन कार्यशाळांत सहभाग" असं सरळ लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही. "मार्गदर्शन लाभले" हा शब्द लोक मुद्दाम धूसर ठेवण्यासाठी वापरतात, तो टाळा. तालीम, शिक्षण, कार्यशाळा, ऑनलाइन क्लास, जे घडलं त्याचं जे नाव आहे तेच लिहा आणि पुढे वर्षं लिहा.

जास्त गुरू असणं ही लाजेची गोष्ट नाही हेही सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की एकच घराणं, एकच गुरू असं दिसलं पाहिजे. भास्करबुवा बखले बडोद्याला फैज महंमद खाँकडे शिकले, मग आग्रा घराण्याच्या नथ्थन खाँकडे, मग अल्लादिया खाँकडे, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर तिन्ही. आणि त्याच माणसाने १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग अल्लादिया खाँचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे. किशोरीताईंना आई मोगूबाईंची तालीम होतीच, तरी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या. यातलं एक नाव जरी गाळलं तरी त्या गाण्यात अमुक गोष्ट कुठून आली ते कळणार नाही.

म्हणून तुम्ही काळाच्या क्रमाने लिहा. गावातले गुरू पहिले, ९ वर्षं म्हणजे तुमचा हात त्यांनीच बसवलाय. ज्यांच्याशी संबंध तुटला त्यांचंही नाव लिहा, वर्षांसकट, एका ओळीत, कारण न देता. मला माहितीये हे जड जातं. पण चार वर्षं त्यांनी जे दिलं ते तुमच्या वाजवण्यात आहे, ऐकणाऱ्या जाणकाराला ते ऐकू येतं आणि परिचयात नाव नसलं की तोच माणूस बाहेर चौकशी करतो. अपवाद एकच, त्या नात्यात तुम्हाला छळ किंवा गैरवर्तन सोसावं लागलं असेल तर नाव लिहायची कसलीही सक्ती नाही, तिथे "सुरुवातीचं शिक्षण नागपुरात" एवढंच पुरे आणि त्याबद्दल कोणाला खुलासा द्यायचीही गरज नाही.

आमच्या गुरुजींना पद्मश्री मिळाली आहे. परिचयात "पद्मश्री अमुक" असं लिहितो, तर एकाने ते चूक आहे म्हणून सांगितलं. खरं का? – पुणे

हो, खरं आहे. पद्म पुरस्कार हा किताब नाही, तो नावाच्या आधी किंवा नंतर लावायचा नसतो, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालच्या निकालात हे स्पष्ट केलंय. "अमुक यांना अमुक साली पद्मश्री मिळाली" असं वाक्य करा, मान तेवढाच राहतो. पंडित आणि उस्ताद हे लोकांनी आदराने लावायचे शब्द आहेत, गुरुजींच्या नावाआधी तुम्ही शिष्य म्हणून जरूर लावा, स्वतःच्या नावाआधी मात्र स्वतः लावू नका.

मी पेटी वाजवतो. साथीला जातो तिथे पत्रिकेत माझं फक्त नाव असतं, "संवादिनी – अमुक". मुख्य कलाकाराचा अर्धा पान परिचय. मी पाठवला तरी छापत नाहीत. मग लिहावा तरी कशाला? – फोंडा, गोवा

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी स्वतः एडिट केलेल्या जुन्या स्मरणिका काढून बघितल्या तर मीही हे केलेलं आहे, जागा कमी पडली की पहिली कात्री साथीदारांवर. आता मी करत नाही. आयोजक हा कॉलम वाचत असतील तर त्यांना विनंती, की तबला आणि पेटीवाल्यांना किमान ३० शब्द द्या.

तुम्ही मात्र ३० शब्दांचा परिचय तयारच ठेवा, कारण अर्धा पान पाठवला की तो पूर्ण कापला जातो आणि ३० शब्दांचा पाठवला की तसाच छापला जातो हा माझा अनुभव आहे. त्यात काय? कोणाकडे शिकलात. ख्याल, नाट्यसंगीत, भजन यातल्या कशात जास्त रमता. आणि कोणाबरोबर नियमित वाजवता. नियमित हा शब्द महत्त्वाचा, एकदाच साथ केलेल्या मोठ्या नावांची माळ घालू नका, ज्या दोन-तीन कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं बसताय त्यांची नावं द्या, त्याने तुमचा स्वभाव आणि तुमच्यावरचा विश्वास दोन्ही दिसतं. सोलो वाजवत असाल तर ते वेगळ्या वाक्यात.

तुमच्याच फोंड्याजवळच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर, मधुकर पेडणेकरांचे शिष्य, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली ती पेटीसाठीच. या वाद्यावर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली होती, ती १९७१ साली कुठे सैल झाली, एवढं सोसून हे वाद्य आज प्रत्येक मैफलीत आहे. तेव्हा जागा मागून घ्या, संकोच करू नका.

मी गोंधळी. संबळ वाजवतो आणि आख्यान लावतो. वडिलांकडून शिकलो, शाळा सातवीपर्यंत. मुंबईच्या एका फेस्टिव्हलवाल्यांनी बायोडेटा मागितला तर भाच्याने लग्नाचा असतो तसा बनवून दिला, जन्मतारीख, उंची, शिक्षण, त्यांनी परत पाठवला. माझ्याकडे एकही सर्टिफिकेट नाही, लिहायचं काय? – धाराशिव जिल्हा

दादा, तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी फोन केला आणि आपण पाऊण तास बोललो, तेव्हा तुमच्या परवानगीने इथे लिहिते कारण तुमच्यासारखे बरेच कलाकार आहेत ज्यांना हा फॉर्म अडवतो.

मी तुम्हाला फक्त प्रश्न विचारले. पहिल्यांदा संबळ कधी हातात घेतला? तुम्ही म्हणालात नवव्या वर्षी, त्याच्या आधी दोन वर्षं दिवटी धरायचो. किती आख्यानं येतात? अकरा, त्यातली चार आता आमच्याकडे माझ्याशिवाय कोणाला पूर्ण येत नाहीत. एका रात्रीत किती वेळ? रात्री दहाला घट मांडतो, पहाटे आरती. कोणाच्या घरी? पिढ्यान् पिढ्या ठरलेली घरं आहेत, लग्न झालं की गोंधळ घालायला आम्हालाच बोलावतात. तुणतुण्यावर कोण? धाकटा भाऊ.

बघा, हाच परिचय आहे. वडील आणि आजोबा यांची नावं लिहा, ते तुमचे गुरू. अकरा आख्यानं लिहा, त्यातल्या दुर्मिळ चारांची नावं लिहा. रात्रभर चालणारा विधी स्टेजवर ४० मिनिटांत बसवताना काय ठेवता आणि काय मुद्दाम ठेवत नाही, म्हणजे देवीसमोरच करायचा तो भाग तुम्ही स्टेजवर करत नाही, हे तुम्ही मला सांगितलंत ते तर नक्की लिहा, फेस्टिव्हलवाल्यांना ते कोणी सांगत नाही आणि त्यांना ते कळायला हवं. "लुप्त होत चाललेली कला जपणारा" असलं काही त्यांनी स्वतःहून जोडलं तर काढायला सांगा, तुमच्या तालुक्यात लग्नसराईत तुम्हाला एक रात्र मोकळी मिळत नाही, मग लुप्त कसली.

लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा आणि भाच्याला उतरवून घ्यायला सांगा, पण त्याने तुमची भाषा "शुद्ध" करायची नाही हे आधी बजावून ठेवा.

माझं पहिलं सोलो एक्झिबिशन आहे. गॅलरीने बायो आणि आर्टिस्ट स्टेटमेंट दोन्ही मागितलंय. दोन्हीत फरक काय? मी चॅटजीपीटीकडून करून घेतलं तर छान इंग्लिशमध्ये आलं पण वाचून मला ते माझं वाटेना. – चित्रकार, नाशिक

बायो तुमच्याबद्दल, स्टेटमेंट चित्रांबद्दल. बायो तिसऱ्या व्यक्तीत, "अमुक नाशिकला राहतात", स्टेटमेंट "मी" म्हणून. बायोत जन्मसाल, कुठे शिकलात, सोलो आणि ग्रुप शो वेगवेगळे आणि वर्षांसकट. ग्रुप शोला सोलो म्हणू नका, गॅलरीवाले तपासतात.

स्टेटमेंटला लोक घाबरतात आणि मग "मानवी अस्तित्वाच्या अंतरंगाचा शोध" असं काहीतरी लिहून बसतात, तुम्हाला मशीनने दिलंय तेही मला तसंच दिसतंय. ते तुमचं वाटत नाही कारण त्यात गोदाघाट नाही, तुम्ही पत्रात लिहिलेला पुरानंतर घाटाच्या पायऱ्यांवर उरलेला चिखल नाही, तो चिखल वाळवून रंगात मिसळता ते नाही. व्याकरण तपासायला मशीन वापरा, माझी हरकत नाही, पण त्याच्या हातात द्यायचा मजकूर आधी तुमचा असू दे.

एक-एक शब्द किती तोलून वापरायचा याचं उदाहरण म्हणजे चित्रकार वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्मलेले, १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेले. लोक त्यांच्या चित्रांना अमूर्त म्हणायचे तर ते स्वतः अॅबस्ट्रॅक्ट शब्द नाकारून नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं, असं म्हणायचे. एका शब्दाचा आग्रह, पण तो कळला की चित्राकडे बघायची नजर बदलते. तुम्हीही तुमच्या चित्रांना काय म्हणता आणि काय म्हणू देणार नाही ते ठरवा आणि तिथून सुरुवात करा. मराठीत लिहा आधी. मग कोणा चांगल्या माणसाकडून इंग्लिश करून घ्या.

मुलगी ११ वर्षांची, कथक शिकते. शाळेच्या प्रोग्रामसाठी बायो हवाय. – ठाणे

चार ओळी. वय, गुरूंचं नाव, किती वर्षं शिकतेय, आज काय करणार आहे. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची स्कॉलरशिप वगैरे मिळाली असेल तर ती. "बालकलाकार", "विलक्षण प्रतिभा" असं काही लिहू नका, ती स्वतः ते स्टेजच्या बाजूला उभी राहून ऐकत असते. शेवटची ओळ तिलाच लिहू द्या, तिला कुठला तोडा आवडतो ते.

मी न्यू जर्सीत गाणं शिकवते. इथल्या पब्लिक लायब्ररीत प्रोग्राम आहे, ऑडियन्स अमेरिकन. मराठी परिचय इंग्लिशमध्ये केला तर कोणाला काही कळेना, घराणं, विशारद, आकाशवाणी सगळंच समजावत बसावं लागतं. – एडिसन

सगळं समजावू नका, एक गोष्ट निवडा. घराणं निवडा असं मी म्हणेन, कारण ते एका वाक्यात सांगता येतं: पुस्तकातून नाही तर गुरूसमोर बसून, ऐकून ऐकून पुढे गेलेली गाण्याची पद्धत, आणि माझी ही पद्धत अमुक गावातून आली. विशारद लिहायचंच असेल तर "अनेक वर्षांच्या परीक्षांनंतर मिळणारी पदवी" एवढं जोडा, किंवा गाळा, त्या हॉलमधल्या लोकांना त्याने फरक पडत नाही. आकाशवाणीच्या ग्रेडचंही तसंच, इकडे बी हाय म्हटलं की जाणकारांना कळतं, तिकडे बी म्हणजे दुय्यम वाटेल, तर "नॅशनल रेडिओच्या ऑडिशनमधून निवड" असं लिहा.

मात्र स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, यूट्यूबवर एक आणि पत्रिकेवर दुसरं असं असेल तर प्रोग्राम आवडलेला माणूस घरी जाऊन शोधतो आणि तुम्ही सापडतच नाही. नावाचा उच्चार कसा करायचा तेही कागदावर वरती तोडून लिहून द्या, तिथला निवेदक आधी दोनदा म्हणून बघेल. आणि कागदाच्या कोपऱ्यात महिना आणि साल टाका, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांनी हाच जुना परिचय काढला तर तुम्हाला लगेच कळेल.